रोज आठ तास

"लेकीला रोज काही वाचून दाखवता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मी हो म्हणाले. कस्टमर केअरची नोकरी मी घरून करते. लेक मांडीवर आणि समोर कंपनीनं दिलेली वाक्यं, ती मी आठ तास फोनवर वाचते. गोष्टींचं पुस्तकही आणलंय, पण संध्याकाळी तोंड उघडवत नाही. हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी तपासणीसाठी लेकीसमोर एक बाहुली जमिनीवर आडवी टाकली. "ही पडली, रडतेय बघ. आता काय करायचं?"

साडेतीन वर्षांची माझी लेक एका सुरात म्हणाली, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया लाइनवर राहा."

डॉक्टरबाईंनी कौतुकानं फॉर्मवर लिहिलं, 'भाषा वयाच्या पुढे.'


बाहुली उचलायचं मलाही सुचलं नाही.