ओळखीचं कापड

हा एक झेंडा उतरला की सोसायटीच्या चेअरमनना तिसऱ्यांदा खुर्ची मिळणार होती, आणि तीही बिनविरोध. समोरच्या इमारतीतला वकील आपल्या पक्षाचा झेंडा काढायला तयार होता. त्याच्या डोक्यावर राहणारा जिमवाला आपल्या टीमचा काढायला तयार होता. एकमेकांचं तोंड न बघणारी ही दोन माणसं एकाच गोष्टीवर एक झाली होती: आधी टेलरमास्तरांचा उतरवा. खाली बागेत सभेच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या. म्हणून चेअरमन धापा टाकत स्वतः जिना चढून आले होते. मोठा माणूस स्वतः जिना चढला की समजावं, काम त्याचंच आहे.

मास्तर गॅलरीत स्टुलावर बसून रस्त्याकडे बघत होते. कठड्याला बांधलेल्या काठीवर झेंडा होता. पिवळ्या कापडावर विटकरी चौकोन, कडेनं बारीक हाततुरपाई.

"हा आहे तरी कुणाचा हो?" चेअरमननी विचारलं. "देश कुठला, पक्ष कुठला?"

"आमच्या हिचा."

"मग सोपंच झालं. नियम सगळ्यांना सारखा, मास्तर. कठड्यावर काही लावायचं नाही. उद्या कुणी चड्डी वाळत घालून म्हणेल, हा माझा झेंडा."

चेअरमन हसले. मास्तरही हसले, दुकानातली जुनी सवय, गिऱ्हाईक हसलं की हसायचं.

"साहेब, तुम्ही सगळ्या इमारतींना एकच रंग दिलात ना, तेव्हापासून हिला आपली सापडेना. डोक्यातून नावं गेली, नंबर गेले. पण कापड विसरत नाही ती. जन्मभर माझ्या कामाला काजं-बटणं तिनंच केली. म्हणून उरल्यासुरल्या तुकड्यांचा हा शिवला. संध्याकाळी एकटीच चक्कर मारून येते, हा दिसला की वर येते. तेवढंच तिचं तिला उरलंय."

"मग पत्त्याचं कार्ड घाला की गळ्यात."

"पार्सल आहे का ती?"

चेअरमननी घड्याळ बघितलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर झेंडा कधीच गुपचूप काढून नेला असता. हे उपाय सुचवत होते. "अहो, मग झेंडाच कशाला? तुम्ही उभे राहा ना इथे. बायको नवऱ्याला ओळखणार नाही होय?"

मास्तरांनी गुडघ्यावरचा नसलेला दोरा झटकला.

"ते अजून करून बघितलेलं नाही," ते म्हणाले.

"मग आज बघा!"

"ती वर येऊ द्या फक्त. लगेच उतरवतो."

"खाली सगळे वर बघत बसलेत, मास्तर." बसले होतेच. वकील आणि जिमवालाही आपापल्या गॅलरीत झेंड्याला हात घालून उभे होते. चेअरमननी आवाज उतरवला. "शिवाय तुम्ही भाडेकरू. घरमालकांचा सकाळीच फोन होता. मी काही बोललो नाही त्यांना."

न बोललेलं ते सगळं मास्तरांना ऐकू आलं. ते उठले. कात्री हाताशी होती, पण त्यांनी गाठी बोटांनीच सोडवल्या. गिऱ्हाइकाचा शिवून झालेला कपडा द्यावा तशी झेंड्याची नीट घडी घालून चेअरमनच्या हातात दिली. खाली टाळ्या पडल्या. समोरचे दोन्ही झेंडे उतरले.

तेवढ्यात ती कोपऱ्यावरून वळली. काखेत कापडी पिशवी, चाल झपझप. फाटकातून आत आली आणि मान वर करून एकेक इमारत बघू लागली.

मास्तरांनी शर्ट खाली ओढून सरळ केला. हात वर केला.

"अगं, इकडे! वर बघ!"

तिनं बघितलं. थेट त्यांच्याकडे.

"बघा! म्हटलं नव्हतं?" चेअरमन म्हणाले.

मग तिनं मागे वळून बघितलं, हा म्हातारा कुणाला हाका मारतोय म्हणून. मागे कुणीच नव्हतं. तिनं पिशवी छातीशी धरली आणि घाईघाईनं परत फाटकाकडे निघाली.

मास्तर अनवाणीच जिन्याकडे धावले.

गॅलरीत चेअरमन उरले, हातात झेंड्याची घडी. ती उलगडून एकदा हात वर करायचा, एवढंच काम होतं. ते कठड्यापर्यंत गेलेही. पण खाली सगळे त्यांच्याकडेच बघत होते, आणि टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. त्यांनी घडी काखेत मारली.

सभा चांगली झाली. चेअरमनना खुर्ची मिळाली. वकिलाला जिमवाल्याचा झेंडा उतरलेला बघायला मिळाला, जिमवाल्याला वकिलाचा. सोसायटीला एकसारख्या गॅलऱ्या मिळाल्या. आभाराचं भाषण चालू असताना मास्तर तिला घेऊन बागेच्या कडेनं आले. मुख्य रस्ता ओलांडायच्या आत गाठलं होतं तिला. तिला काही लागलं नव्हतं.

जिन्याशी तिनं हात सोडवून घेतला.

"फार उपकार झाले हो, भाऊ," ती म्हणाली. "आता जाते मी. घरी हे वाट बघत असतील."

मास्तरांनी खाली वाकून तिच्या चपलेचा सुटलेला पट्टा लावला. मग जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले.

"बघत असतील, ताई," ते म्हणाले. "चला, पोचवतो."