निघण्याआधीचं बसणं

“मान हलवू नकोस गं,” झिनाइदानं दटावलं आणि लेकीच्या केसांचे पेड घट्ट ओढले.

तैसिया निमूट स्टुलावर बसली होती. तिशीला टेकलेली बाई. एके काळी टेनिसमध्ये जगातल्या पहिल्या शंभर जणींत नाव होतं तिचं. आज वेणी आईकडून घालून घेत होती. करणार काय! उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता.

“आज तरी पप्पांना सांग,” आई कुजबुजली. “डॉक्टर काय म्हणाले ते सांगून टाक.”

“तूच सांग ना.”

“मी? मला उभी जाळेल तो!”

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. इंजेक्शनं टोचून आणखी एक हंगाम खेळलीस, तर पुढं या हातानं घास तोंडापर्यंत नेता यायचा नाही. हे पप्पांना कुठल्या तोंडानं सांगायचं? ती चिमुरडी असताना सारातोव शहरातल्या एका गारठलेल्या हॉलमध्ये, कापून लहान केलेली रॅकेट हातात देऊन त्यांनीच तिला उभं केलं होतं. तिच्यापायी नोकरी सोडली होती. तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच शब्द. अजून एक. अजून एक चेंडू, अजून एक सेट, अजून एक हंगाम. तैसिया महिनाभर मनात वाक्य जुळवत होती. ते घशापर्यंत यायचं आणि पुन्हा पोटात जायचं.

तेवढ्यात तिचा बाप वेन्यामिन तोंड पुसत न्हाणीघरातून बाहेर आला.

“अरे वा! बाईसाहेबांची वेणीफणी चाललीय! तुर्कीला खेळायला निघालीय की लग्नाला?”

“तुला काय कळतंय त्यातलं, वेन्या!” झिनाइदा फिसकारली. “जा, ओट्यावरची पिशवी आण. कोबी भरून पिरोश्की भाजलीत, मॉस्कोच्या गाडीत खायला.”

तो स्वयंपाकघरात गेला, तशी आईनं खुंटीवरचा जाड कोट झटक्यात काढला आणि आधी लेकीचा उजवा हात बाहीत घातला. तैसियानं ओठ चावला, डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून ब्र काढला नाही. वेन्यामिन पिशवी घेऊन परत येईपर्यंत बटणंसुद्धा लावून झाली होती. नाही कळलं पप्पांना, म्हणून तिला हायसं वाटलं. आणि संतापही आला. कोर्टाच्या पार त्या टोकावरून पाय रेषेला लागलेला दिसतो या माणसाला, आणि पोटच्या पोरीचा हात निकामी झालेला दिसत नाही?

“चला, बसा,” वेन्यामिन म्हणाला.

न बसता त्या घरातून कुणी प्रवासाला निघालेलं नव्हतं. कोट घालायचे, सामान दाराशी ठेवायचं आणि सगळ्यांनी घटकाभर तोंड मिटून बसायचं. तैसिया सुटकेसवर बसली, आई बुटांच्या बाकड्यावर, पप्पा कोटांखालच्या स्टुलावर. मधे बोलायचं नाही. पप्पांनी ‘चला, देवाचं नाव घ्या’ म्हटल्याशिवाय उठायचं नाही. लहानपणी ती एकदा खुदकन हसली होती आणि नेमकी पहिल्याच फेरीत हरली होती. पप्पांनी ते वर्षभर ऐकवलं होतं. तेव्हापासून तिनं बसताना कधी हूं की चूं केलं नाही.

वेन्यामिन गुडघ्यांवर हात ठेवून फरशीकडे बघत होता.

आता म्हणतील, तैसियाच्या मनात आलं. मग मी उठेन. तिकडे जाऊन इंजेक्शन घेईन, पात्रता फेरीत कुठल्या तरी शाळकरी पोरीकडून मार खाईन. युद्ध सुरू झाल्यापासून आम्हा रशियनांच्या नावापुढं देशाचा झेंडाही लावत नाहीत, तेवढं बोडकं नाव फलकावरून पुसलं जाईल. परत येईन, की आई पुन्हा वेणी घालायला हजर. सुटका नाही. तिला इतकं असहाय वाटलं की पप्पा अजून क्षणभर बसू देत, एवढंच तिनं देवाकडे मागितलं.

वेन्यामिन बसूनच राहिला.

त्याच्या खिशातला फोन वाजला. खाली टॅक्सीवाला ताटकळला होता. फोन वाजून वाजून थांबला. मग भोंगा ऐकू आला. झिनाइदानं नवऱ्याकडे बघून डोळे मोठे केले, घड्याळाकडे बोट केलं. त्यानं मान वर केली नाही. कोटात तैसियाला घाम फुटला. पप्पांना काही झालं तर नाही ना? पण छाती वरखाली होत होती. हनुवटीही हलत होती. ती तशी हललेली तिनं जन्मात बघितली नव्हती. हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

भोंगा पुन्हा एकदा वाजला. मग टॅक्सी निघून गेल्याचा आवाज आला. कुणीच हललं नाही. घर रुळांजवळच होतं. बऱ्याच वेळानं तिला गाठायची होती त्या मॉस्कोच्या गाडीची शिट्टी आली, डबे धडधडत गेले, खिडकीची काच थरथरून शांत झाली.

तेव्हा कुठं वेन्यामिननं वर बघितलं. देवाचं नाव काही त्यानं घेतलं नाही.

“गेली एकदाची,” तो म्हणाला.

“पप्पा, मी...”

“राहू दे, तास्या. महिना झाला, मीही बोलायला जातोय. तोंड उघडलं की ‘अजून एक’च बाहेर पडतं मेलं.”

तो भिंतीला धरून उठला. लेकीसमोर येऊन, काचेचं भांडं धरावं तसं त्यानं तिचं मनगट धरलं.

“कोट काढ. थांब, घाई नको करू. उजवी बाही मी धरतो.”