वीस मिनिटांत आटोपलेला गेम

झोडपून काढलं तर दर रविवारचं सदर, सांभाळून घेतलं तर पुन्हा फुटकळ कामं. संपादकांनी एवढं उघड सांगितल्यावर समीक्षकाने त्या गरीब गेमकडे खाटकाच्या नजरेने बघितलं.

गेम कसला, चित्रं दाखवून वाचायला लावलेली गोष्ट. टेबलाशी बसलेली ताई धाकट्या भावाशी बोलते. वाक्य अक्षर अक्षर उमटतं, बटण दाबलं की पुढचं येतं. कुणा चित्रकलेच्या बाईंनी शाळा सांभाळून, पदरमोड करून केलेला. समीक्षक भराभर बटण दाबत सुटला. वाक्य कुठे चाललंय हे त्याला दोन शब्दांत कळायचं. त्याचं शेपूट कशाला बघत बसायचं?

वीस मिनिटांत गेम आटोपला. त्याने बाह्या सरसावल्या.

‘चित्रं मोजून चार. ताई हसली तरी तेच तोंड, रडली तरी तेच. धून एकच, तीही दळण घातल्यासारखी. संवाद अर्ध्यातच मान टाकतात. शेवटी ताई म्हणते, “बरं, राहू दे,” भरलेला कप उचलते आणि आत निघून जाते. संपलं! असं कुठल्या घरात कोणी वागतं?’

जमेच्या बाजूला काहीतरी हवं, म्हणून त्याने एक ओळ टाकली : ‘दमलेल्या बाईचे डोळे मात्र साधलेत.’

समोर बायको चहा घेत होती. “अहो, हा गेम मीपण खेळले. त्या ताईला जर—”

“मुद्द्याचं बोल. लेख जायचाय.”

“तेच सांगतेय. तिचं वाक्य पुरतं—”

“मुद्दा!”

“काही नाही,” ती म्हणाली. लेख गेला.

रविवारी छापून आला. सोमवारी संपादकांचा फोन.

“अहो, त्या गेमला सात शेवट आहेत! लोक हसताहेत आपल्याला. ताईला बोलू दिलं तर गोष्ट पाच तास चालते म्हणे. वाक्य पुरं व्हायच्या आत बटण दाबलं, की भावाने तिला तोडलं असं धरतात. एकूण एक वाक्य तोडणाऱ्यालाच तुमचा तो शेवट मिळतो. एवढी चिकाटी आजवर फक्त तुम्हीच दाखवलीत!”

उरलेले सहा शेवट बघायला लोकांनी गेमवर उड्या टाकल्या. बाईंचं भलं झालं. संपादकांच्या अंकाची चर्चा झाली. सदर तेवढं दुसऱ्याला गेलं. आपल्याला भुर्दंड पडला तो एवढाच, असा हिशेब मांडत तो टेबलाशी येऊन बसला. समोर बायको होती.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग सांगायचं नाही का?”

तिने ओठांशी नेलेला कप खाली ठेवला. त्याच्याकडे नीट बघितलं. “मला नुसतं गेमचंच नव्हतं सांगायचं. किती दिवस झाले, माझ्या मनात—”

“मुद्द्याचं बोल गं!”

“बरं, राहू दे,” ती म्हणाली. भरलेला कप उचलला आणि आत निघून गेली.