दुसरी खेप

कोरोनाच्या किटवर पुन्हा दोन रेघा उमटल्या आणि वॉर्डातली सिस्टर घराकडे निघाली. पहिल्या खेपेला तिनंच नकळत आजार घरी नेला होता. ती बरी झाली, आई गेली. तेव्हापासून रोज ती झोपलेल्या बाबांचे श्वास मोजायची. आज ती दारातच थांबली. "जेवण गार होतंय, आत ये की," बाबा म्हणाले. "मला परत कोरोना झालाय, बाबा. बॅग तेवढी द्या, हॉस्पिटलातच राहते." "वेडी आहेस का? मी करतो तुझं सगळं." "आईपण हेच म्हणाली होती." बाबा हात पसरून पुढे आले. "तिनं तुला कधी बोल लावला नाही, पोरी." तिला कुशीत शिरावंसं वाटलं, पण तिनं दार ओढून घेतलं. बाबा आतून ओढत होते, ती बाहेरून. म्हातारे हात थकेपर्यंत तिनं कडी सोडली नाही.