दिवा खालच्या बाजूला

वरचा बोर्ड खालच्या बॅटरीच्या बोर्डावर टक्कन बसला. एकही पीन वाकली नाही. तिने बटण दाबलं, आणि हिरवा दिवा लागायच्या ऐवजी जळका वास आला.

"काय गं जळतंय?" सासूबाईंनी आतून विचारलं. "मी अजून गॅस पेटवलेला नाही हं. आज माझ्यावर आळ नको."

"माझंच आहे, आई."

काडेपेटीएवढा बोर्ड. हौशी मंडळींनी घरी मायक्रोकंट्रोलरच्या चिमुकल्या संगणकावर आपापली यंत्रं बनवावीत, लागेल तो बोर्ड डब्याच्या पुडांसारखा एकावर एक चढवावा, म्हणून तिने तो आखला होता. कारखान्यातून नुसते बोर्ड खोकं भरून आले होते. त्यातले नमुन्यादाखल दोनच तिने सगळे भाग लावून तयार केले होते, आणि त्यातला एक आत्ता तिच्या हातात वास मारत होता. दुपारी दुकानदार तो चालताना बघायला येणार होता. त्याने माल उचलला तर घरबसल्या काम मिळत राहणार. नाही उचलला, तर सोमवारपासून जुन्या ऑफिसात हजर.

आणि छकुली? ती रडता रडता श्वास धरायची. ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणाले होते, मोठी झाली की जाईल. तोवर दोन पाळणाघरांनी हात जोडले होते, आणि नात निळी पडली की सासूबाईंनाच घेरी यायची.

तिने दोन्ही बोर्ड शेजारी ठेवून पीन न् पीन ताडून पाहिली. पिनांचा कनेक्टर बोर्डाच्या खालच्या बाजूला लागतो. तिने तो वरून दिसावा तसा आखला होता. सगळं आरशातल्यासारखं उलटं. डावीकडची वीज उजवीकडे शिरत होती.

पण तपासलं तर होतं! कारखान्यात पाठवण्याआधी नक्षी कागदावर छापायची, कनेक्टरच्या पिना कागदातून टोचून बघायच्या. हे ती कधी चुकवत नसे. त्या दिवशीही छकुलीला मांडीवर घेऊन तिने टोचलं होतं. भोकं बरोबर जुळली होती. भोकं काय, कागद उलटा धरला तरी जुळतात.

एक वाट होती. उरलेल्या बोर्डाचा कनेक्टर काढायचा आणि दुसऱ्या बाजूने लावायचा. मग बोर्ड पालथा बसेल, भाग मधल्या फटीत दाटीवाटीने मावतील, पण डावं डावीकडे येईल. तिने सोल्डरिंग गन तापवली. एकेक पिनेला चिकटवून धरणारं सोल्डर वितळवायचं आणि बोर्डावरचं तांबं न उखडता पीन हलक्या हाताने ओढायची. घाई केली की संपलं. आणि आता चुकायला तिसरा बोर्ड नव्हता.

अर्ध्या पिना निघाल्या आणि आत छकुली उठली.

"आई, जरा घेता का तिला?"

"घेतलंय गं बाई. तुझी ती पिनांची रांगोळी आवर आधी!"

रडणं वाढलं. ते वाढत होतं तोवर तिला काळजी नव्हती. या घरात रडणं ऐकू येणं चांगलं होतं. तिने पुढची पीन ओढली. त्याच्या पुढची.

रडणं थांबलं.

"अगं ये गं! अगं, थांबली ती!"

सोल्डर वितळलेलं होतं. गन आत्ता उचलली तर ते थिजणार, पीन तांब्यासकट येणार. तिने ती पीन ओढली. मग धावली.

छकुलीचे ओठ जांभळे झाले होते, मान मागे गेली होती. तिने तिला उचललं, तोंडावर फुंकर मारली, पुन्हा मारली. शेवटी एक लांब, खरखरीत श्वास आत गेला. सासूबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या होत्या. त्या तिच्याकडे बघत होत्या.

दुकानदार आला तेव्हा ती गादीवर बसली होती. एका बाजूला छकुली झोपलेली, दुसऱ्या बाजूला चौरंगावर, कनेक्टर फिरवून पालथा बसवलेला बोर्ड.

"काय हो ताई, हा असा रुसल्यासारखा तोंड खाली घालून का बसलाय?"

"असाच बसतो तो. चालतो मात्र." तिने बटण दाबलं. बोर्डाखालच्या फटीत हिरवट काहीतरी उजळलं, न उजळल्यासारखं.

त्याने वाकून पाहिलं. मान वाकडी करून पाहिलं. मग भरलेल्या खोक्याकडे पाहिलं. "सगळे असेच?"

"सगळे."

"अहो, पण दिवा खालच्या बाजूला! चालू आहे की बंद पडलाय, हे घेणाऱ्याला कळणार कसं?"

"हात ठेवायचा," ती म्हणाली. "चालू असला तर कोमट लागतो."

त्याने बोर्डाच्या पाठीवर बोट ठेवलं आणि वाट बघत राहिला. तिचा एक हात, तो आल्यापासून, पालथ्या झोपलेल्या छकुलीच्या पाठीवर होता.