हूक लागला?

“हूक लागला?” सर्जेरावाने विचारलं.

“लागला!” मागून हणमंता ओरडला. “तुझा?”

“लागला!”

पवनचक्कीच्या माथ्यावर आलं, की कमरेच्या दोराचा हूक आधी लोखंडी कडीत अडकवायचा आणि मग एकमेकांना विचारायचं, हा दोघांचा बारा वर्षांचा रिवाज. पौषातली सकाळ होती. पठारावर वारा नुसता पिसाळला होता, आणि बोटं इतकी बधिर झाली होती की हातात पाना आहे की नाही, तेही कळेना.

“आटप लवकर. खाली जाऊन मस्त शेकोटी करू,” हणमंता म्हणाला.

तेवढ्यात झोत आला. सर्जेरावाने डोळे गच्च मिटून कठड्याला मिठी मारली. डोळे उघडले तेव्हा हणमंताची जागा रिकामी होती.

वॉकीटॉकीवर खालून साहेब किंचाळत होते. “अरे, याचा हूक मोकळाच आहे! तू विचारलं नव्हतंस?”

“विचारलं होतं, साहेब. लागला म्हणाला.”

सर्जेराव उतरायला निघाला, आणि आपला हूक सोडवायला कडीपाशी वाकला.

कडीत काहीच नव्हतं. त्याचा हूक कमरेलाच लोंबकळत होता.