काचेपाशी केतकी

“आई, मी दिसते का गं?” मांडूच्या महालात खांबाआड लपून लहानगी केतकी असं ओरडायची. तो आवाज वैजयंतीच्या कानातून कधी गेलाच नाही.

शिकायला गेलेली केतकी दोन वर्षांपूर्वी स्टॉकहोममध्ये नाहीशी झाली. तिथले पोलीस शोधून थकले. आता आईबापच देवासहून निघणार होते. मोरेश्वरला कारखान्याने सुट्टी आठवड्याचीच दिली होती, तेव्हा कुठे जायचं ते आधीच ठरवायला हवं होतं.

वैजयंती मोबाइलवर तिथल्या संग्रहालयांचे फोटो लावून बसली होती. केतकी आता फक्त त्या फोटोंतच दिसायची, आईने विणलेल्या हळदी स्वेटरमध्ये.

“जहाजाचं संग्रहालय सोडू या. तिथे ती फार लांब आहे, अन् पाठमोरी. जुन्या घरांच्या संग्रहालयात जरा जवळ आहे.”

“अगं, किती मोठं करून बघशील? डोळे जातील,” मोरेश्वर म्हणाला. त्यालाही ती दिसत होती.

“हे बघा, इथे तर काचेला नाक लावून उभी आहे. वाळली हो पोरगी! उतरलो की पहिलं इथेच.”

फोटोतल्या काचेवर श्वासाची वाफ धरली, विरली, पुन्हा धरली.

“तिथे नको, वैजू.”

“हद करता हो! तिकिटं काढल्यावर नको?”

त्याने मोबाइल पालथा घातला. तिने त्याचं मनगट धरलं. “बोला. माझी शपथ आहे.”

“उज्जैनला मी तिच्या नावाचा पिंड ठेवला होता. तुला न सांगता,” मोरेश्वर म्हणाला. “कावळा लगेच शिवला.”